हापशीपर्यंतचा पूर

मी एकदा नदीचं पाणी दीडशे पावलं वर चढवलं. पावसाच्या जोरावर नव्हे, तोंडाच्या. त्यापायी एका बाईचं पक्कं घर अडलं आणि मी हे लिहीपर्यंत ते अडलेलंच आहे. नाहीतर स्वतःच्या स्वभावाची जाहिरात करायची मला काही हौस नाही.

स्वभाव संशयी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं. पोट दुखतं म्हणणाऱ्या पोराला आधी जीभ दाखवायला लावायची, मगच घरी सोडायची. कुणी फार गोड बोलायला लागलं की मी सावरून बसते. माझे यजमान म्हणायचे, तू देवाला हात जोडतानाही एक डोळा उघडा ठेवते. खरं होतं ते, पण देवळातून चपला गेल्या त्या त्यांच्या, माझ्या कधी गेल्या नाहीत.

आमचं गाव नदीच्या वळणावर आहे. काठाला आधी धुण्याचे दगड, मग महादेवाच्या देवळाच्या पायऱ्या, त्याच्या वर मोकळी जागा, तिच्या कडेला चार-सहा टिनाची घरं, मग हापशी आणि हापशीच्या वर माझं घर. ती मोकळी जागा कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. पोळ्याला तिथं बैल धुतात. नवरात्राच्या आधी अख्ख्या गावाच्या गोधड्या तिथं वाळत पडतात. भुलाबाईची बोळवण तिथंच होते. उन्हाळ्यात पात्र आटलं की भोयांच्या डांगरवाड्या, वाळूतले खरबुजांचे मळे, लागतात. आजवर कुणी कुणाला विचारून तिथं पाऊल टाकलं नाही.

नगरपंचायतीनं जेव्हा या काठाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं काढलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्यांना उद्या नाली कोणती उपसायची हे ठरवता येत नाही, त्यांना वीस वर्षांनंतरचं कधीपासून दिसायला लागलं? शेजारच्या एका गावात तलावाचं असंच केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी नकाशा आला, मग हिरवळ आली, मग फाटक, मग फाटकावर शिटी फुंकणारा माणूस. तिथल्या बायका आता गोधड्या घरातल्या न्हाणीत धुतात.

आराखड्यासाठी पुण्याकडून एक पोरगी आली. डोक्यावर टोपी, काखेत कागदाची गुंडाळी. माझ्या ओट्यावर बसून चहा पिताना तिनं विचारलं, "आजी, वीस वर्षांनी तुम्हाला हा काठ कसा दिसायला हवा?"

"वीस वर्षांनी मला याच काठावर जाळलेलं असेल," मी म्हटलं. "तेवढी जागा ठेवा म्हणजे झालं."

ती हसली, चिडली नाही. त्यानं माझा संशय वाढलाच. मग तिनं कागद पसरला आणि समजावून सांगितलं. नदीच्या पुराच्या जुन्या नोंदी कुठं नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारून पाणी कुठवर येतं ते ती ठरवणार होती. तिथून एक निळी रेषा जाणार. त्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, कुणालाही काही बांधता येणार नाही.

कुणालाही? मी दोनदा विचारलं. कुणालाही, ती म्हणाली, नगरपंचायतीलासुद्धा.

आमच्याकडे जो मोठा पूर आला होता तो मी स्वतः पाहिला होता. पाणी महादेवाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि तिथून उतरलं. पिंडीला थेंब लागला नाही. पण रेषा पायरीवर गेली असती तर वरची सगळी मोकळी जागा बांधायला रिकामी राहिली असती, आणि मला फाटक दिसत होतं, शिटी ऐकू येत होती. मी म्हटलं, "हापशीपर्यंत."

"एवढं वर?"

"मी उभी होते तिथं."

एकटीच्या शब्दावर भागणार नाही हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी काठावरच्या सहा म्हाताऱ्या गोळा केल्या, त्यांना कारण सांगितलं आणि पाढे घोकून घ्यावेत तसं घोकून घेतलं. पोरगी वही घेऊन आली तेव्हा एकीनंही कच खाल्ली नाही.

"हापशीपर्यंत आलतं माय पाणी!"

"हापशीचा दांडा तेवढा दिसून राह्यलता."

एक भोयीण तर फारच पुढे गेली. "माही बकरी हापशीले बांधली होती. दाव्यासकट वाहून गेली न् बाप्पा." तिच्याकडे त्या काळी बकरी नव्हती. ती पोरांसाठी दूध माझ्याकडून न्यायची. पोरगीनं बकरीही लिहून घेतली, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. मी गालातल्या गालात हसत घरी आले. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे लपवून काय करू?

टिनाच्या घरांपैकी एका घरात एक बंजारा बाई राहते. तिचा तांडा बोरी अरबकडचा. मोठा पूर येऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी ती इथं आली. नवरा ऊसतोडीला नाहीतर बाहेरगावी मजुरीला असतो, ती कापूस वेचायला नाहीतर निंदायला जाते. घरात एक मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, तिला ती याडी म्हणते. तिला घरकुल मंजूर झालं होतं. हा पावसाळा शेवटचा टिनाखाली, असं ती येता-जाता मला सांगायची.

एके दिवशी ती कागद घेऊन आली. "बाई, वाचून देता का? बाबू सांगे का घर भेटत नाही म्हणून."

मी वाचलं. जागा निळ्या पूररेषेच्या आत येत असल्यानं बांधकामाची परवानगी नामंजूर. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यानं रेषा सरकणार होती. मोकळी जागा वाचवताना तिच्या कडेची घरं माझ्या डोक्यातच आली नव्हती. रोज ओट्यावरून दिसतात ती घरं.

"येते का खरंच पाणी इथवर?" तिनं विचारलं.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सहा बायकांचे अंगठे, माझी सही, मी पेन्शनीतली शाळेची बाई, गावात इज्जत. "यायचं एकेकाळी," मी पुटपुटले. वरून त्या बाबूलाच चार शिव्या दिल्या, याला कुणाचं भलं बघवत नाही म्हणून.

त्या पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ती आणि तिची मुलगी याडीची खाट उचलायच्या आणि चिखलातून शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायच्या. दोन-दोन दिवस तिथंच. निंदणीची मजुरी बुडायची. पहिल्यांदा मला वाटलं, शाळेत काही फुकट वाटत असतील. मी एका मास्तराला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "पुराचं भेव आहे तिले. पाणी हापशीपर्यंत येते म्हणे." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

रेषा आधीच लागू झाली होती; पुढे बाकीचा आराखडा जाहीर झाला, हरकती मागवल्या, सुनावणी ठेवली. त्या बाईच्या घरकुलाचं लिहून मी अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "तुमची हरकत कशावर?"

"माझ्याच सहीवर. मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी मान वर केली. त्या बाई तुमच्या कोण? कुणी नाही. मग तुम्हाला कुणी पाठवलं? रेषा खाली सरकली की वरचे किती प्लॉट मोकळे होतात हे आम्हालाही कळतं, कुणा प्लॉटवाल्याचं काम घेतलंत का? मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं, आणि जास्त टोचून.

भिंतीवर आराखडा लावला होता. मी जवळ जाऊन पाहिला. मोकळी जागा मोकळीच होती. धुण्याचे दगड होते तिथंच काढले होते, बैलांना उतरायला उतार दाखवला होता, भोयांच्या वाड्यांसाठी पात्र सोडलं होतं. फाटक कुठंच नव्हतं. मी नकाशाचा खालचा कोपरा उचलून मागं काही आहे का तेही पाहिलं. काही नव्हतं. पुण्याची पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आजी, मी बकरीसुद्धा लिहून घेतली होती हो."

साक्षी सात आणि पलटलेली मी एकटी. बाकीच्यांनीही बदलली तर बघू, असं ठरलं. मी भोयणीकडे गेले.

"आता कायले पलटून राह्यल्या बाई?" ती म्हणाली. "म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

"अगं, मीच तुला शिकवलं होतं. तुझ्याकडे बकरी तरी होती का?"

"होती ना. काळी. कपाळावर पांढरा टिक्का होता." ती माझी टर उडवते आहे असं मला वाटलं. पण तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. इतक्यांदा सांगून तो पूर तिच्यापुरता येऊन गेला होता. बाकीच्यांपैकी दोघी वारल्या होत्या, तिघींनी दार लावून घेतलं. पाटबंधारे खातं नव्यानं मोजणी करेल तेव्हा विचार होईल, असं मला लेखी उत्तर आलं.

मग मी त्या बाईकडे गेले. ती अंगण सारवत होती. उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, कारण तिनं बसायला सांगितलं असतं तर मला रडू आलं असतं.

तिचा हात थांबला. "म्हंजे पाणी येतच नाही?"

"या अंगणात कधीच आलं नाही."

"मंग तेव्हा खोटं काहून सांगतलं?"

"काठ वाचवायचा होता."

"कोणापासून?"

ती पुन्हा सारवायला लागली. मी परत आले.

पुढच्या भादव्यात झड लागली. दुपारी नदी गढूळ होऊन फुगायला लागली तसं मी खिडकीतून पाहिलं, तर मायलेकींनी खाट उचललेली. मी छत्री न घेताच धावले आणि वाटेत आडवी उभी राहिले. "कुठं नेतेस? सांगितलं ना तुला, पाणी येत नाही!"

ती चिडली नाही. "तेव्हाबी तुमीच सांगतलं, आताबी तुमीच सांगून राह्यल्या. कोणतं खरं धरू मी? चुकली तर माही याडी जाईन."

प्लास्टिकच्या कागदाखालून म्हातारी माझ्याकडे टुकुटुकु बघत होती. मुलीच्या हातातून खाट सटकत होती. मी तिला बाजूला केलं आणि खाटेचे मागचे पाय धरले. माझ्या वयाला ते ओझं झेपणारं नव्हतं. शाळेपर्यंत खाट दोनदा टेकवावी लागली, आणि दोन्ही वेळा त्या बाईनं वळून नदी किती चढली ते पाहिलं.