न लावलेला कौल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझे कोण लागता, मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

गोष्ट एका नावाची आहे. हसाल तुम्ही. पोराचं नाव काय ठेवायचं यावरून घरोघरी कुरबुरी होतात, आमच्याही झाल्या. तेवढंच असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं?

मी अलिबागची. वडील कचेरीत कारकून, मी सातवी पास, आणि या दोन गोष्टींचा मला केवढा ताठा! लग्न होऊन चौलजवळच्या एका खेड्यात आले. नारळ-सुपारीची वाडी, शेणाने सारवलेलं घर, आणि घरात मी नि सासूबाई दोघीच. आमचे हे मुंबईला गोदीत कामाला. महिन्या-दोन महिन्यांनी रेवसच्या लाँचने यायचे. त्यांचं नाव — आता घ्यायला हरकत नाही — भिकू. लग्नात उखाणा घेताना ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. मैत्रिणींना वाटलं, लाजते आहे. लाजत होते खरीच. पण ती लाज निराळी होती.

सासूबाईंची पहिली चार मुलं पाळण्यातच गेली. पाचवं झालं तेव्हा त्यांनी ते शेजारणीच्या पदरात टाकलं, भीक म्हणून परत मागून घेतलं आणि नाव भिकू ठेवलं. ते जगलं. नावामुळे जगलं, असं त्या धरून चालल्या होत्या. मी ऐकलं आणि मनात म्हटलं — अडाणी बाई. चार मुलं पोचवून आलेल्या बाईसाठी मला दुसरा शब्द सुचला नाही.

मग माझाही पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला. तरी माझा ताठा गेला नाही. दुसरा झाला, तेव्हा सासूबाईंनी त्याचं तोंड बघायच्या आधीच सांगून टाकलं — धोंडू. दगडाचं नाव असलं की मरण वळून बघत नाही म्हणे. मी ठरवलं होतं शिरीष. अलिबागला आमच्या शेजारी डॉक्टरांच्या घरी एक शिरीष होता, गोरा, पायांत बूट घालून हिंडणारा. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झालेली. शिकल्यासवरल्या घरांत अशोक, दिलीप, सुधीर अशी नावं निघत होती, आणि माझ्या मुलाने हजेरीला धोंडू म्हणून उभं राहायचं?

सासूबाईंना शिरीष म्हणता येत नसे. ‘शिरीस’ म्हणायच्या. शेजारणी जमल्या की मी मुद्दाम त्यांच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घ्यायची. शेजारणी हसायच्या. सासूबाईही हसायच्या, सुनेने आपल्याला गमतीत सामील करून घेतलं म्हणून.

“अगो, मरनाला आवडंल असं नाव नको ठेवू,” एवढंच त्या मला सांगायच्या. “मोठा झाला का तुला हवं ते ठेव. आता धोंडू ऱ्हाऊ दे.”

याहून साधी तडजोड असते? मी तीही उडवून लावली.

ह्यांनी पत्रातून आधी माझी बाजू घेतली, मग आईची. सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, गावदेवीला कौल लावा, ती सांगेल ते करू. पोटच्या पोराचं नाव ज्यांना आपल्या तोंडाने ठरवता येत नव्हतं, त्यांनी ते देवीवर ढकललं. आणि लाँच गाठायला निघून गेले.

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. गुरव लावतो. सव्वा महिना झाला तशी मला ओटी भरायला देवळात जायचंच होतं. सासूबाईंचा पाय विहिरीच्या पायरीवर मुरगळलेला. तशा लंगडत त्यांनी तगरीच्या कळ्या खुडल्या, केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिल्या.

देवळात गुरव नव्हता. रेवदंड्याला बाजाराला गेला होता, तासाभरात आला असता. मी ओटी भरली. कळ्यांची पुडी देवळापुढच्या तळ्यात टाकली. आणि घरी येऊन सांगितलं — डावी पडली. देवीला धोंडू नको.

नाही, अजून ते आलेलं नाही. एवढं खोटं पुष्कळजण बोलतात. एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलेलं नाही.

सासूबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी जळतं लाकूड मागे ओढलं. मग त्यांनी विचारलं, “का नको, ते काय बोलला गुरव?”

काही नाही बोलला, असं म्हणता आलं नसतं का मला? नाव तर पदरात पडलंच होतं. पण तो चेहरा — आपलं कुठे चुकलं याचा खरोखरच विचार करत बसलेला — मला इतका भाबडा, इतका किळसवाणा वाटला, की मी म्हणाले, “म्हणाला, जिच्या हातून चार पोरं गेली तिच्या तोंडचं नाव देवीला चालत नाही. तिचा हातसुद्धा लागू देऊ नका म्हणाला पोराला.”

बोलले. रागात नाही, भांडणात नाही. ओटीचं ताट घासायला ठेवता ठेवता.

त्या रडल्या नाहीत. “व्हय,” म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बरं झालं, येळेवर कळलं.” आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटतं, हे त्या स्वतःशी आधीपासूनच म्हणत असाव्यात. मी ते देवीच्या तोंडून वदवलं, इतकंच.

कौलासाठी अडून राहिलेल्या बारशाला त्या पाळण्याजवळ आल्या नाहीत, मागच्या पडवीत बसून राहिल्या. नाव पटलं नाही म्हणून म्हातारी रुसली, असं गाव म्हणालं. मीही म्हणाले. हसून म्हणाले. दर मंगळवारी देवळात जाणारी बाई देवळाची पायरी चढेनाशी झाली. गुरवाने मला विचारलं, तर मी सांगितलं, गुडघे धरलेत. त्या स्वतः त्याला कधी विचारणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. असलं बोलणं दुसऱ्यांदा ऐकायला कोण जाईल?

नऊ वर्षं त्यांनी त्याला हात लावला नाही. रांगत जवळ गेला की उठून वाडीत जायच्या. एकदा तो विहिरीच्या कठड्याशी पडला, कपाळ फुटलं. त्या तिथेच होत्या. हात पदरात गुंडाळून मला हाका मारत उभ्या राहिल्या. मी धावत येऊन त्याला उचललं, आणि जमलेल्या बायकांसमोर सासूबाईंना म्हणाले, “नातवाला रक्त आलंय आणि उभ्यानं बघता काय?” मी म्हणाले हे. मीच.

त्या गेल्या ती दुपार होती. घर भरलेलं. ह्यांनी शिरीषच्या हातात पळी दिली, आजीला पाणी पाज म्हणाले. तो वाकला तशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पोर पळी धरून तसंच थांबलं. “नको,” त्या म्हणाल्या. “पोराला लांब न्या.”

मी पायांशी बसले होते. आई, कौल लावलाच नव्हता — चार शब्द होते. पण हे होते, भावकी होती, दारात गुरव येऊन उभा होता. त्यांच्यापुढे माझी काय शोभा झाली असती, याचा मी विचार केला. मरणाऱ्या बाईसमोर बसून मी तो विचार केला. पाणी ह्यांनी पाजलं.

शिरीष आता मुंबईला असतो, मी त्याच्याकडेच असते. जेवताना कधी गावचा विषय निघाला की तो बायकोला सांगतो, आजीला माझं नाव आवडलं नव्हतं, मरेपर्यंत तिने मला जवळ घेतलं नाही. त्याच्या बोलण्यात राग नसतो. मी तिथेच वाढत असते.

“हो,” मी म्हणते. “फार हट्टी होत्या.”