पाणमांजराचं ओबडधोबड पाऊल

सुलभाचं माहेर पेणचं, घरचा गणपतीचा कारखाना. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर ओलं बोट फिरवत ती लहानाची मोठी झाली. एकनाथच्या नोकरीपायी अमेरिकेत ॲन आर्बरला आली खरी, पण बाईचा पाय घरात ठरेल तर शपथ! शनिवार उजाडला की नवऱ्याला गाडी काढायला लावायची, मिशिगनच्या उत्तरेकडचं जंगल गाठायचं आणि चिखलात वाकून बघायचं, कोण आलं, काय खाल्लं, कुठे गेलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी शिकवायला गेलं असतं तर भांडणच झालं असतं.

सत्त्याऐंशीच्या वसंतात तिथल्या दलदलीवर भराव टाकून लाकडाच्या ट्रकांना रस्ता काढायचं घाटत होतं. तिथे कुठलं जनावर राहतच नाही, म्हणे. सुलभाला मात्र तिथे पाणमांजराची विष्ठा दिसली होती, माशांच्या खवल्यांनी चकाकणारी. मग काठावर पाऊलही सापडलं. त्यात प्लॅस्टर ओतून तिने ठसा काढला आणि तिथल्या गावच्या सभेत नेऊन टेबलावर आपटला.

जंगलखात्याच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि गोड आवाजात विचारलं, हा तुम्ही घडवलात का? सुलभाने भर सभेत त्याची सालटी काढली. तरी निर्णय एवढाच झाला, की सोमवारच्या सभेत दुसरा ठसा आणा, नाहीतर रस्ता मंजूर.

परतताना ती गाडीत धुमसत होती. आपलं कातडं बघून मेले खोटं ठरवतात, हेच पालुपद. एकनाथने पुष्कळ ऐकून घेतलं.

"अगं, ठशावरची बुडबुड्यांची भोकं बुजवलीस ना?"

"मग काय, तसाच न्यायचा?"

"आणि नखं?"

नखांना तिने छान टोकं काढली होती.

"बाप्पाची बोटं नव्हती ती," एकनाथ म्हणाला.

पुढच्या शनिवारी आभाळ भरून आलेलं. जुनी पावलं वाहून गेली होती. सुलभा काठाने नुसती येरझारा घालत होती. एकनाथवर, ढगांवर, स्वतःवर खेकसत होती. शेवटी एका पडलेल्या ओंडक्याआड एकच पाऊल मिळालं, तेही टाच नसलेलं. तिने प्लॅस्टर ओतलं. थंडीत ते लवकर धरेना. थेंब पडू लागले तसा एकनाथ त्यावर छत्री धरून उभा राहिला.

ठसा निघाला तो चिखलाने माखलेला. पाचातलं एक बोट नीट उठलं नव्हतं, कडेला पाइनची काडी रुतलेली. सुलभाचं बोट आपसूक डबक्यात बुडालं आणि त्या वाकड्या बोटाकडे निघालं. मध्येच तिने हात मागे घेतला, कोटाच्या खिशात कोंबला.

"अहो, तुम्हीच धरा तो. मी मागितला तरी देऊ नका."

सोमवारी जंगलखात्याचा तो माणूस ठसा न्याहाळत होता तेव्हा ती हात मांड्यांखाली दाबून बसली होती. काडी त्याने नखाने टोकरून पाहिली. मग विचारलं, ती जागा दाखवाल का? ती बघून होईपर्यंत रस्ता थांबला.

सुलभाने मान डोलावली. नजर तिची अजून त्या वाकड्या बोटावरच होती.