पीठ न खाणारी चक्कीवाली

विहिरीत उतरण्याआधी नलू रोज एक खडा पाण्यात टाकायची. बोराएवढाच, पण नेमका मधोमध. विहिरीत एक दिवड, पाण्यातला बिनविषारी साप, राहत होती. खडा पडला की पाण्यावर लांब रेघ उमटायची आणि दगडांच्या फटीत शिरायची. "सरक माय, आली मी," असं म्हणून नलू पायऱ्या उतरायची.

सासू शोभाबाई वर काठावरच्या दगडावर बसलेल्या असत. मांडीवर दोन वाट्या, एकीत तुरीचे ऐंशी दाणे. सुनेचा पोहत एक फेरा झाला की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. विहीर मोठी, दगडी बांधणीची, आणि तिचा एक फेरा चोवीस मीटर भरतो हे दोरी टाकून मोजलेलं. ऐंशी फेऱ्यांत दोन किलोमीटरला थोडंच कमी. बाजूला काठी ठेवलेली असे. ती दिवडीसाठी नव्हती. पहिल्या महिन्यात तळेगावातली दोन-तीन माणसं काही ना काही निमित्त काढून मागच्या वावरातून जायला लागली होती, त्यांच्यासाठी होती.

"काय बंडूजी, रस्ता चुकला का?" शोभाबाई विचारत.

"नाई वहिनी, बकरी पाहून राह्यलो होतो."

"तुमच्याकडं बकरी कवापासून हाये?"

त्यानंतर बंडूजींची बकरी त्या बाजूला हरवली नाही.

नलू वर्धा नदीच्या काठच्या गावातली. चालायला लागली त्याच्या पुढच्या वर्षी पाण्यात पडली आणि मग पडतच राहिली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन तळेगावला आली. नवरा कैलास एसटीत कंडक्टर, आर्वी डेपोला. सासऱ्यांची पिठाची चक्की होती. सासरे गेले तेव्हा चक्की बंद करायची असंच घरात ठरत होतं. नलूने दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुरू केली. पट्टा चढवणं तिला पाहून-पाहून येत होतं. दगडांना टाकी लावायला, झिजलेल्या खाचा पुन्हा कोरायला, मात्र ती आर्वीच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकली, आणि तो म्हणाला होता, "बाईचा हात हलका असते, दगडाले तोच पायजे." तेव्हापासून गावातली निम्मी ज्वारी आणि बहुतेक सगळा गहू नलूच्या हाताखालून जातो. संध्याकाळी तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात.

आणि हीच बाई, तीन वर्षांपूर्वी, पीठ खायची बंद झाली.

झालं ते असं. महिला दिनाला वर्ध्याला सायकल स्पर्धा होती. मुलगी वर्षाली तिथे कॉलेजात शिकते, तिने आईचं नाव परस्पर लिहून टाकलं. नलू मुलीची सायकल घेऊन उतरली आणि दुसरी आली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. शर्यत घेणाऱ्यांत अश्वजित नावाचे क्रीडाशिक्षक होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, पोयता येते का तुमाले?"

"नदीकाठची हाओ मी," नलू म्हणाली. जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी ट्रायथलॉन समजावून सांगितली. आधी पाण्यात एकोणीसशे मीटर, मग सायकलवर नव्वद किलोमीटर, मग पायी एकवीस. साडेआठ तासांच्या आत. पोहणं सत्तर मिनिटांत नाही झालं तर तिथेच थांबवतात. नलूने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मधात जेवाले भेटते का?"

जेवणाची गोष्ट पुढे अश्वजित सरांनीच काढली. नलूचं पोट कायम फुगलेलं, दुपारी चक्कीवर डोळा लागायचा. सर म्हणाले, महिनाभर एक करून पाहा. आदिमानव शेती करायच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. मासे, अंडी, मटण, भाज्या, कंदमुळं, फळं, तीळ-जवस. गहू, ज्वारी, तांदूळ बंद. डाळी बंद. दूध, साखर, गूळ, शेंगदाणेही बंद. त्याला पॅलिओ म्हणतात.

घरी येऊन नलूने हे सांगितलं तेव्हा शोभाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच थांबला.

"आदिमानव भाकर नोता खात?"

"नाई न आई."

"त्याच्याकडं चक्की नोती म्हणून नोता खात. आपल्याकडं हाये."

महिन्याचं वर्ष झालं. नलूचं पोट बसलं, दुपारची झोप गेली. शोभाबाईंचा जीव मात्र तिळतिळ तुटत होता. त्यांच्या घरात अंडं शिजलेलं नव्हतं. त्यांनी परसात वेगळी चूल मांडून दिली, वेगळी कढई दिली, आणि पहिले पंधरा दिवस त्या बाजूला पाहिलंही नाही. सोळाव्या दिवशी त्या चुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तेल किती कमी टाकतं वं, खाली लागून राह्यलं." तिथून पुढे ती कढई त्याच सांभाळू लागल्या. कैलास आर्वीहून येताना धरणातले मासे आणायचा. रताळी शेकोटीत भाजून, मीठ लावून, नलू सायकलवर जाताना खिशात टाकायची. महामार्गाने कारंज्यापर्यंत आणि परत. ट्रकवाले आधी हॉर्न मारायचे, पुढे हात करायला लागले.

पण पोळीचं दुःख शोभाबाईंच्या मनातून गेलं नाही. पोळ्याला पुरणपोळीच्या पंगतीत सून बसली ती वांग्याची भाजी आणि भाजलेलं सुरण घेऊन. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या बायका विचारायच्या, "शोभाबाई, तुमची सून रोजच उपाशी, आन साबुदाना-शेंगदानाबी चालत नाई. कोन्या देवाचा उपास हाये हा?" बंडूजी तर डबा ठेवता ठेवता म्हणाले, "चक्कीवालीच पीठ खात नाई, मंग आमाले काऊन चारता?" नलू हसली आणि तिने त्यांचा गहू दळून दिला. शोभाबाई हसल्या नाहीत. त्यांना ते दिवसभर लागून राहिलं.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नलू पहिल्यांदा शर्यतीला गेली. मध्य प्रदेशातल्या एका मोठ्या धरणावर. सोबत वर्षाली आणि सर होते. दुपारी वर्षालीचा फोन आला. सत्तर मिनिटांची वेळ होती, आईला चौऱ्याहत्तर लागली. घोट्याला बांधलेली, वेळ मोजणारी पट्टी तिथेच काढून घेतली. सायकलला हातसुद्धा लावू दिला नाही.

गावाचा निकाल संध्याकाळपर्यंत लागला. पोटात पोळी नाही तर हातात बळ कुठून येईल. शोभाबाईंनीही तेच म्हटलं, मनात नाही, मोठ्याने. कैलास वाईट माणूस नव्हता, पण बायकोला गावाने हसावं हे त्याला सोसवेना. तो म्हणाला, "अजून एक साल पाह्य. पुढच्या बारीले नाई झालं त सोडून देऊ, नलू."

नलू दोन दिवस चक्कीवरच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आली, पाट ओढला आणि म्हणाली, "आई, पोळी वाढा."

शोभाबाईंनी हे शब्द ऐकायची दोन वर्षं वाट पाहिली होती. तव्यावरची फुगलेली पोळी त्यांनी ताटात घेतली, तूप घातलं. खिडकीशी वर्षाली बसली होती, सुट्टीवर आलेली, आणि फोनवर शर्यतीचं चित्रण परत पाहत होती. ताट हातात घेऊन वळताना शोभाबाईंची नजर त्यावर पडली.

पसरलेलं पाणी. पुढे वाट दाखवणारे पिवळे फुगे ओळीने. आणि एक नारंगी टोपी, त्या ओळीपासून डावीकडे सरकत चाललेली. होडीवाला ओरडला की टोपी ओळीत यायची. थोड्या वेळाने परत डावीकडे.

"हे कोन होय?"

"आईच हाये न, आजी."

"परत लाव बरं."

वर्षालीने परत लावलं. शोभाबाई ताट तसंच धरून उभ्या होत्या. त्यांचं माहेर आर्वीतलं, तेल्याचं. वडील डोमाजी यांचा लाकडी घाणा होता आणि त्याला लाल्या नावाचा बैल. लाल्या डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरायचा, एकाच अंगाने. बाजाराच्या दिवशी त्याला सोडून रस्त्याने न्यायचं म्हटलं की तो सरळ चालायचाच नाही, हळूहळू एका बाजूला ओढत जायचा. एकदा नालीतच उतरला. लोक म्हणायचे बैल म्हातारा झाला, पाय लुळे पडले, सरकीची ढेप जास्त चारा. डोमाजी कोणाचं ऐकायचे नाहीत. ते रोज सकाळी अंगणातल्या कडुलिंबाभोवती त्याला उलट्या अंगाने फिरवायचे. पंधरवड्यात लाल्या नीट चालू लागला.

"नलू, तू हिरीत कोन्या आंगानं फिरतं?"

"कोन्या म्हंजे?" नलूला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने बसल्या जागी हात फिरवून पाहिला. भिंत उजव्या हाताला. पहिल्या दिवशी जशी वळली तशीच ती दोन वर्षं वळत आली होती. सदा डावीकडे.

शोभाबाईंनी ताट मागे घेतलं.

"आई, वाढा न. मले भूक लागली."

"रताळं घे. हे पोळी खाऊन तू सरळ जानार नाईस, बाई. तुया पोटात काई कमी नाई. तू घान्याचा बैल झाली, आन ते मी वरून पाहत बसली, दाने मोजत. चूक माई हाये."

नलू जी हसायला लागली ती थांबेचना. वर्षालीही हसली. कैलास डेपोवरून आला तेव्हा तिघी स्वयंपाकघरात हसत होत्या आणि तुपाची पोळी शोभाबाईंनी स्वतःच खाऊन टाकली होती.

अश्वजित सर पुढच्या रविवारी वर्ध्याहून आले. त्यांनी विहिरीच्या काठावर उभं राहून दोन फेरे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हे मले काऊन नाई दिसलं?"

"तुमच्या घरी घाना होता का?" शोभाबाईंनी विचारलं.

तेव्हापासून वाट्यांची रीत बदलली. चाळीस दाणे एका अंगाच्या फेऱ्यांचे, चाळीस उलट्या अंगाचे. उलट्या फेऱ्यांना सुरुवातीला नलूला गरगरायचं, श्वास दुसऱ्या बाजूने घेताना नाकात पाणी जायचं. ती खोकत वर यायची, पायरीला धरायची. शोभाबाई तो दाणा उचलायच्या नाहीत. "हा नाई मोजला. परत." आठवड्यातून दोनदा गावातल्या रूपरावांच्या संत्र्याच्या बागेतल्या शेततळ्यात दोर ताणून सरळ पोहणं व्हायचं. दोर ताणायला रूपराव स्वतः यायचे, आणि जाताना फळांची पिशवी द्यायचे. संत्रं आदिमानवाला चालायचं, हे त्यांनी स्वतःहून विचारून घेतलं होतं.

या वर्षी शर्यतीला शोभाबाई गेल्या. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा जिल्हा ओलांडून. सकाळी धरणाच्या काठावर शेकडो नारंगी टोप्या होत्या, सगळ्या सारख्या. वर्षाली म्हणाली, "आजी, आई वळखू नाई येनार आता." शोभाबाई टोप्या पाहत नव्हत्या. फुग्यांच्या ओळीपासून डावीकडे कोण सरकतं तेवढंच पाहत होत्या. वाट्या घरी होत्या, तरी बोटं हलत होती. त्या बाजूला कोणीच सरकलं नाही.

नलू पाण्यातून बाहेर आली तेव्हा एकसष्ट मिनिटं झाली होती. ती त्यांच्यासमोरून सायकलींकडे पळत गेली, वळून पाहिलं नाही, आणि घोट्याची पट्टी घोट्यालाच होती. शोभाबाईंनी पदराने डोळे पुसले. ऊन आहे, म्हणाल्या.

नव्वद किलोमीटरला पावणेचार तास लागले. पुढे पळण्यात नलू मंदावली. बाकीचे वाटेत साखरेचं पाणी घेत होते, ती भाजलेल्या रताळ्याचा तुकडा गालात धरून चालली होती. पंधराव्या किलोमीटरपाशी ती पळत नव्हती, चालतही नव्हती, दोन्हींच्या मधलं काहीतरी करत होती. रस्त्याच्या कडेला एक हिंदी बोलणारी बाई उभी होती, मुलाला बघायला आलेली. तिने सहज विचारलं, "आपका कौन है, माताजी?"

शोभाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. ज्या गोष्टीची तीन वर्षं चारचौघांत लाज वाटली ती त्या आता अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, मोठ्याने सांगू लागल्या. "वो लाल कपडेवाली मेरी बहू है. हमारी पीठ की चक्की है. पूरे गाँव का आटा पीसती है, और खुद एक दाना नहीं खाती. देखो कैसी जा रही है. सीधी."

आठ तास सतरा मिनिटांनी नलूने कमानीखालची रेघ ओलांडली. तेरा मिनिटं हातात होती. कोणीतरी तिच्या गळ्यात पदक घातलं, तिने ते पाहिलंही नाही. फोनवर कैलास होता. आर्वी-वर्धा गाडी बसस्थानकात उभी करून तो प्रवाशांना काहीतरी सांगत होता, आणि प्रवासी टाळ्या वाजवत होते. वर्षाली रडत होती. सर कोणाकोणाला फोन लावत होते. नलू गुडघ्यांवर हात टेकून वाकलेली, भुवयांवर वाळलेल्या घामाचं मीठ, पांढरं. गर्दीतून वाट काढत शोभाबाई तिच्याजवळ पोचल्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

नलूने मान वर केली. सासूच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि दम खात म्हणाली, "आई, सकाळपासून उभ्याच हाये का तुमी? जेवल्या का नाई?"