न दिसणारं कापड

मी शिकवायचे त्या शाळेच्या रंगमंचाचा पडदा ऐन संमेलनाच्या तोंडावर उभा फाटला, त्या दिवशी ती मला पहिल्यांदा नीट दिसली. तशी ती आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. जिन्यात गाठ पडायची, एकमेकींना वाट द्यायचो, एवढाच संबंध. मुख्याध्यापकांनी कुणाकडून तरी तिला बोलावून घेतलं. ती आली, फरशीवर मांडी घालून बसली आणि बघता बघता पडदा सांधून दिला. आमचं कौतुक करून होईपर्यंत ही बाई सभागृहाच्या अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. तिथून तिने पडद्याकडे पाहिलं, परत आली, वीतभर शिवण उसवली आणि पुन्हा घातली. मी कारण विचारलं.

"बाई, जवळून मी एकटीच बघणार," ती म्हणाली. "बाकी सगळे तिथूनच बघणार ना."

नाडीला बांधलेली कात्री तिच्या गळ्यात कायम लोंबत असायची, म्हणून इमारतीत तिचं नाव कात्रीताई पडलं होतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कॉलर विभागात होती. दिवसभर नुसत्या कॉलरी. शर्टाचं बाकीचं अंग कुठे शिवलं जातं, घालतं कोण, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. इतकी वर्षं माणसांच्या माना शिवल्या, तोंड एकाचंही पाहिलं नाही, असं ती हसत सांगायची. नवरा मालाची गाडी चालवायचा. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. अंगावर बारा महिने पांढरीशुभ्र शाल आणि स्वच्छतेचं असं वेड की आमच्या जिन्याचा कठडाही त्यांच्या फडक्यातून सुटायचा नाही.

नवं काम घरात आलं ते नवऱ्याच्या गाडीतून. नाचाच्या एका कार्यक्रमाचे स्पीकर पोचवायला तो गेला होता. तिथे मंच सजवणारा एक तरुण फाटलेला कापडी गोल हातात घेऊन हैराण झाला होता. माझ्या बायकोकडे द्या, असं नवरा सहज बोलून गेला. तो गोल शिवून झाला, मग दुसरा आला, मग पाकळ्या आल्या. हा तरुण जांभळ्या उजेडाचा एक दिवा नेहमी बरोबर बाळगायचा. सासूबाईंनी त्याला जांभळ्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

संगीताच्या कार्यक्रमाला एवढं कापड कशाला, हे मी त्याला एकदा जिन्यातच विचारलं. तो पायरीवर टेकला आणि न कंटाळता सांगत राहिला. हे सगळं संगीत यंत्रांवरचं. गाणारा समोर नसतो, वाद्यावर पडणारा हात दिसत नाही. एक माणूस टेबलामागे उभा राहून बटणं फिरवतो, बस. मग नाचणाऱ्या एवढ्या माणसांनी बघायचं काय? म्हणून त्यांच्या डोक्यावर कापडाची चाकं, फुलं, एकात एक बसवलेले गोल ताणून बांधायचे. हे आकार भडक केशरी आणि पोपटी कापडाचे असतात, जांभळ्या उजेडात ते पेटल्यासारखे दिसतात. ते शिवायचे काळ्या कापडावर. अंधारात काळं नाहीसं होतं आणि आकार तेवढे हवेत तरंगत राहतात. ठेक्याबरोबर दिवे बदलले की गोल फिरतायत असा भास होतो.

काळं कापड चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं.

"दिसलं नाही की चांगलं," तो म्हणाला.

त्या वर्षी त्याने कात्रीताईला एका मोठ्या सभागृहाचं सबंध छत दिलं. हे जमलं तर पुढच्या सगळ्या कार्यक्रमांचं कापड तिच्याकडेच येणार होतं. तिने कारखान्यातून रजा घेतली. महिनाअखेरपर्यंत तुझी जागा ठेवतो, मग दुसरी बाई बसवीन, असं तिथल्या देखरेखीच्या माणसाने बजावलं होतं. म्हणजे या एका छतावर ठरायचं होतं, की ती घरी बसून हे शिवणार की पुन्हा कॉलरींकडे जाणार. सासूबाईंचं मत सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं त्यांना पटत नव्हतं.

"माणसांच्या माना शिवत होतीस तेच बरं होतं," त्या म्हणायच्या. "आता भुतं शिवतेस."

"भुतांना कॉलर लागत नाही, आई," ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची. "तेवढंच सुख."

पण कापड वाढत गेलं, तसतशी म्हातारीची जीभ आखडत गेली. खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मशीनखालून सरकणारं कापड पलंगावरून दारापर्यंत जायचं आणि ते फरशीला लागू नये म्हणून त्याचं दुसरं टोक सासूबाई धरून उभ्या असायच्या. कात्रीताईही काही बोलायची नाही. बोललं तर त्या टोक सोडून देतील, अशी तिला भीती असावी.

जांभळ्या कापड बघायला यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी कात्रीताई काळा दोरा आणायला बाजारात गेली. सासूबाईंनी कापड उलगडून पाहिलं तर त्यावर जागोजागी मापाच्या खडूच्या रेघा. परक्या माणसापुढे असं मळकं कसं ठेवायचं? पदर खोचून त्या कामाला लागल्या. बादलीत धुण्याची पावडर सढळ हाताने टाकली, कापडाचा एकेक पट्टा चोळला, पिळला आणि गच्चीवर वाळत घातला. मी वर फुलझाडांना पाणी घालायला गेले होते. त्या वयात तेवढं ओलं कापड त्यांनी कसं उचललं, कोण जाणे. कात्रीताई परत आली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, की खडूचे डाग होते, काढले. कात्रीताईने कापड उजेडात धरून पाहिलं. काळंभोर, स्वच्छ. तिने वर येऊन मला सांगितलं, आईंनी आज माझ्या कामाला हात लावला.

दुसऱ्या दुपारी तिने मलाही बघायला बोलावलं. खिडक्यांवर पुठ्ठे लावून खोलीत अंधार केला होता, कापड भिंतीवर टांगलं होतं. जांभळ्याने दिवा लावला.

पहिल्यांदा तो माझ्याकडेच बघून थबकला. "बाई, तुमचे पुढचे दोन दात कुठे गेले?"

ते दोन बसवलेले आहेत आणि जांभळ्या उजेडात खरे दात चमकतात, बसवलेले चमकत नाहीत, हे मला तिथे कळलं. तिघंही हसलो. मग त्याने दिवा कापडाकडे वळवला आणि हसू थांबलं.

गोल, पाकळ्या सगळं पेटलं होतं. पण काळंही पेटलं होतं. निळसर पांढरे ढग, ओघळ, पिळल्याच्या सुरकुत्या, आणि एका कोपऱ्यात तर पाची बोटं स्पष्ट उमटली होती. न दिसणारं कापड असं दिसत होतं की दुसरं काहीच दिसू नये. जांभळ्याने नखाने खरवडून पाहिलं.

"कापड धुतलं का?" त्याने विचारलं. "पावडरीने? त्या पावडरीत पांढरं उजळवायचं औषध असतं. ते या दिव्यात चमकतं. पुन्हा धुऊनही जायचं नाही."

"मीच धुतलं," कात्रीताई म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

महिनाअखेर आठवड्यावर आली होती. ती कात्रीची नाडी बोटाला गुंडाळत उभी राहिली. तेवढ्यात दार उघडून सासूबाई आत आल्या, आणि खोलीत एकदम उजेड झाल्यासारखा वाटला. त्यांची शाल लख्ख पेटली होती. त्यांनी शालीकडे पाहिलं, भिंतीवरच्या बोटांकडे पाहिलं, आपला हात पुढे करून त्या बोटांवर ठेवला. तो नेमका बसला.

"ती खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. "हा पंजा माझा आहे."

"आई, राहू दे."

"काय राहू दे? जांभळ्या, ही भडक कापडं तर बरी आहेत ना? मग ती उसवून दुसऱ्या काळ्यावर शिवायची. उसवायला मी बसते."

आकारांची कापडं गुळगुळीत होती, त्यांच्यावर पावडर ठरली नव्हती. जांभळ्याने ती एकेक करून दिव्याखाली पाहिली आणि मान हलवली. छत शनिवारी चढायचं होतं. नवं काळं कापड तो संध्याकाळच्या आत आणून टाकणार होता. शालीसकट खोलीत यायचं नाही, एवढी अट त्याने घातली, आणि सासूबाईंनी शाल तिथेच काढून माझ्या हातात दिली.

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या उसवत बसलो आणि कात्रीताई शिवत राहिली. माझं उसवणं सासूबाईंना पसंत पडलं नाही. जन्मभर पोरांच्या वह्या फाडल्यात तशी शिवण फाडू नका, दोरा तोडा, असं त्यांनी मला सुनावलं. एकदा सासूबाई बसल्या जागी पेंगत असताना कात्रीताईने उठून आपली ओढणी त्यांच्या पाठीवर टाकली. ओढणी गर्द तपकिरी होती. ती तिने मुद्दाम बघून घेतली असावी.

छत शनिवारी चढलं. कार्यक्रमाच्या आधी, दिवसाच, जांभळ्याने आम्हाला सभागृहात नेलं आणि दिवे घालवले. मी वर पाहिलं. केशरी चाकं, पोपटी पाकळ्या, आणि मध्ये काहीच नाही. कात्रीताई आमच्याजवळ नव्हती. शोधलं तर ती अगदी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. ती तिथून आली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, काळं दिसतंय का? ती म्हणाली, नाही दिसत.

कारखान्यातली जागा महिनाअखेर गेली. तिथे आता दुसरी बाई बसते.

बिघडलेलं काळं कापड कात्रीताईने टाकलं नाही. पुठ्ठ्यांऐवजी तेच तिच्या शिवणाच्या खोलीला पडदा म्हणून लावलं आहे. सासूबाईंच्या अंगावर तपकिरी शाल असते. रोज दुपारी त्या जांभळा दिवा तयार कापडावरून फिरवतात आणि पांढऱ्या सुताचा कण दिसला की चिमटीत धरून सुनेला दाखवतात. तिच्याकडे आता तीन मशिनी आहेत. कॉलर ती फक्त नवऱ्याच्या शर्टाची शिवते.