जाड रेघ, बारीक रेघ: नांदेड-कंधार-उदगीर दुचाकीवर

घरातला इन्व्हर्टर, जिन्याचं रेलिंग, दुकानातलं मोटारीची कॉइल गुंडाळायचं यंत्र आणि दुचाकीच्या हँडलवर फोन घट्ट धरणारा चिमटा, हे सगळं मी माझ्या हातानं केलंय. कुणाकडे शिकायला गेलो नाही. लोकांनीच मिळून दुरुस्त करायचा जो फोनवरचा फुकटचा नकाशा आहे, त्यातले कंधार-उदगीर पट्ट्यातले बरेच रस्तेही माझेच. महामार्ग कुठला, जिल्हा रस्ता कुठला, गावजोड कुठला, गल्ली कुठली, हे ठरवून प्रत्येकाला वर्ग द्यायचा. वर्ग वरचा, तर रेघ जाड. आणि फोन गाड्या शक्यतो जाड रेघेवरूनच नेतो.

जळकोटच्या अलीकडे एका गावाला बायपास झाला, तेव्हा मी उपग्रहाच्या चित्रावरून बायपासला महामार्ग केलं आणि गावातल्या जुन्या रस्त्याला थेट गल्लीत टाकलं. डोळ्यांनी न बघता दिलेला वर्ग मला टोचत राहतो. बायकोचं, उषाचं, माहेर उदगीरचं. म्हटलं, दोन दिवस जाऊन येऊ.

"माहेरी नेताय का रस्ता मोजायला?"

"दोन्ही."

"मग तो टेप माझ्या पिशवीत कोंबू नका."

नांदेडहून उजाडताच निघा, नंतर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगावं लागतं. आम्ही वाटेत सुशीला खाल्ली, दोघांचे साठ रुपये. पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो: सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाष्टा, बाई नव्हे. कंधारच्या किल्ल्याला दीड तास तरी द्या. खंदकाच्या कडेनं चालताना इतकं शांत वाटतं की मीसुद्धा फोन खिशात ठेवला. पुढं दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. रस्ता बहुतेक चांगला, पण सिमेंटच्या सांध्यांवर मागं बसणाऱ्याची कंबर बोलते. उषाही बोलली.

बायपास फुटतो तिथून आम्ही मुद्दाम सरळ गावात शिरलो. ओढ्यावर बुटका फरशी पूल, ना कठडा, ना दिवा, एका अंगाची कड ढासळलेली. पुलापलीकडे पत्र्याचं चहाचं हॉटेल. मालकीण गयाबाई, पन्नाशीच्या. भजी तळता तळता म्हणाल्या, "रस्ता चुकलाव काय?"

"नाही, मुद्दाम आलो."

"मुद्दाम? असं गिऱ्हाईक लई दिसांनी बघायलेय."

बिदरहून नांदेडला दर्शनाला जाणाऱ्या गाड्या पूर्वी इथं थांबायच्या. "गाडीभर मान्सं, किटलीभर च्या. आता फोन त्यास्नी भायेरूनच काढून देतो. होळीपत्तोर बघते, न्हाईतर कुलूप."

उषानं भज्याचा तुकडा मोडत माझ्याकडे बोट केलं. "फोनला यांनीच शिकवलंय तसं."

"तुमीच का रस्ता बारीक करनारे?"

"बारीक नाही हो, वर्ग बदलला."

"म्हंजे आमाला नापास केलाव!"

तेवढ्यात उदगीरची एसटी धुरळा उडवत आत आली, उतारू सोडले आणि पुलावरून निघून गेली. एसटी गावातूनच जाते, हे उपग्रहाच्या चित्रात कसं दिसणार? एसटीच्या रस्त्याला गल्ली म्हणता येत नाही. टेप काढला, रुंदी घेतली, पूलही मोजला. तिथंच बसून रस्ता एक पायरी वर चढवला: गावजोड. हॉटेलही नकाशात टाकलं. पाटी नव्हती, म्हणून नुसतं 'चहा'.

गयाबाईंनी पदराला हात पुसून फोनमध्ये डोकावलं. "जाड झाली?"

"थोडी."

"मग येतील गाड्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही. बायपासनं वेळ वाचतो. फोन तिकडूनच नेणार."

"मंग कशापायी केलाव?"

"खरं तेच आहे म्हणून."

"बरं. च्या गार व्हायलाय, घ्या."

उदगीरला सासुरवाडीत ज्वारीची भाकरी, तिखट वांगं आणि थट्टा, तिन्ही भरपेट मिळालं. परतीला लातूरमार्गे आलो. रस्ता मोठा, झोप येईल इतका सरळ. मागून उषा म्हणाली, "केली असती अजून जाड, तर नकाशा फाटला असता का?"

मी समजावलं. त्या गावातून महामार्ग दाखवला, की परमुलखातले ट्रेलरवालेही फोनवर भरवसा ठेवून वीस-पंचवीस टन घेऊन त्या फरशीवर चढतील.

"म्हणजे पूल पडू नये म्हणून हॉटेल पडू द्यायचं."

अहमदपूरला थांबून मी पुलाची मापं पुन्हा काढून बघितली. तुम्ही बिदर-नांदेड करत असाल, तर लहान गाडीनं जरूर आत वळा. दहा मिनिटं जास्त लागतील. भजी गरम असतात.

एकूण खर्च म्हणाल तर पेट्रोल साडेसहाशे, खाणंपिणं चारशेच्या आत. घरी आल्यावर नोंदी पुन्हा तपासल्या. रुंदी बरोबर, वर्ग बरोबर. तरी ती पुलापलीकडची बारीक रेघ मी रोज एकदा उघडून बघतो. तिथं चूक सापडत नाही, याचंच वाईट वाटतं.

परवा दुकानात फोन वाजला. एसटीचा मार्ग बदलला तर कळवा म्हणून नंबर मीच देऊन आलो होतो. गयाबाईच होत्या. "दादा, रस्त्याला आमी चार दुकानं हाव. चौघांनी मिळून पैसे काढलेत. तुमच्या मेहनतीचे समजा. पयल्यावानी जाड करून द्या."

मी नाही म्हणालो. पूल सांगितला, ट्रेलर सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. दुकानामागे पाचशे, असे दोन हजार रुपये जमवले होते.