बारा स्प्रिंग वॉशर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी न विचारता बरंच काही सांगत असतो. आता तुमच्यासमोर बोलायचं ठरवलंय, तर पहिल्या वाक्यालाच घसा खाकरावासा वाटतोय.

आधी लतीफभाईंबद्दल सांगतो. ही टाळाटाळ नाही. बरं, असेल थोडी. पण त्यांचे हात कसे होते हे तुम्हाला कळलं नाही, तर मी काय केलं तेही कळायचं नाही.

लतीफभाई मुलाणी आमच्या भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर होते. राहायचे चऱ्होलीला, घराणं पिढ्यानपिढ्या तिथलंच. रोज सायकलने यायचे. मागच्या कॅरियरला हत्यारांची पिशवी आणि हँडलला डबा. मी त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेला माल गेजने मोजायचा, बरोबर असेल तर हिरवी खूण करायची, नसेल तर लाल. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. अशा कामात माणसाचं नाक आपोआप वर जातं. माझं जरा जास्तच गेलं होतं, कारण मी गिटारही वाजवायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कंपनीतल्या आठ जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला होता. गणपतीत, कामगार वसाहतीतल्या कार्यक्रमांत, लग्नांत आम्ही वाजवायचो. मेव्हणा बोटीवर नोकरीला, त्याच्याकडून आणि मुंबईच्या एका वादकाकडून मी तीन पेडलं मिळवली होती. पेडल म्हणजे पायाने चालवायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून जाते आणि डबी आवाज बदलते. एकीने आवाज फाटायचा, एकीने घुमायचा, आणि तिसरी पायाने पुढेमागे झुलवली की गिटार बोलल्यासारखी वाजायची. आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये हे माझ्याकडेच आहे, अशी माझी समजूत होती. खरंखोटं कोण बघायला गेलंय?

पण या डब्या स्टेजवर जागेवर थांबायच्या नाहीत. पाय मारला की सतरंजीवरून पळायच्या, वायरींचा गुंता व्हायचा, आणि प्रत्येक गाण्यानंतर मी गुडघ्यांवर. आमचा तबलजी म्हणायचा की प्रेक्षकांना वाटतं गिटारवाला फार नम्र आहे, सारखा वाकून नमस्कार करतो.

मग मी प्लायवुडची फळी घेतली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून डब्या आवळल्या. दोन कार्यक्रमांत पट्ट्या सैल पडल्या. खिळे वाकवून बघितले, सुतळीने बांधून बघितलं. शेवटी पंक्चरचं सोल्युशन फासून एक डबी चिकटवली. ती निघाली तेव्हा तळाचा रंग घेऊनच निघाली. नवी कोरी इंपोर्टेड वस्तू! मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी ती खरवडत बसलो होतो, तेव्हा लतीफभाईंनी पाहिलं. डबी मागून घेतली, उलटी केली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. त्यांची ती एक सवय होती. वस्तूला हात लावण्याआधी ते तिला पुरतं बघून घ्यायचे. मग म्हणाले, “भाऊ, हिला आधीच चार स्क्रू हायती. नवं भोक कशाला पाडायचं? आन् चिकटवायचं तरी कशाला?”

दोन दिवसांनी ते सायकलची जुनी चेन घेऊन आले, रॉकेलमध्ये धुऊन लख्ख केलेली. पंचने ठोकून तिच्या पिना काढल्या, आणि बाजूच्या पट्ट्या सुट्या झाल्या. तुम्ही सायकलची चेन कधी सुटी केली आहे? तिची एकेक पट्टी इंग्रजी आठाच्या आकाराची असते, दोन्ही टोकांना भोक. लतीफभाईंनी डबीच्या तळाचा स्क्रू काढला, त्याखाली पट्टीचं एक भोक बसवलं, आणि पट्टीची जाडी धरून थोडा लांब स्क्रू पुन्हा पिळला. पट्टीचं दुसरं भोक डबीच्या बाहेर आलं. त्यातून एक स्क्रू खाली फळीत. झालं. डबीला चार कान फुटले, आणि त्या कानांनी तिने फळी धरली. डबीवर एक ओरखडा नाही. उद्या हवी तर सोडवा, दुकानातून आणली होती तशीच.

इतकं सोपं! आणि मी महिनाभर सुतळ्या बांधत बसलो होतो. ज्या चेनवर हा माणूस रोज येत-जात होता, तिच्यातच हे उत्तर आहे हे त्याला दिसलं आणि मला दिसलं नाही. मी आजही तो क्षण आठवला की मनातल्या मनात मान डोलावतो.

डबीच्या प्रत्येक स्क्रूखाली त्यांनी स्प्रिंग वॉशर घातला. ही एक छोटी पोलादी कडी असते, एका जागी कापलेली आणि जराशी पिळलेली. म्हणाले, पाय पडणार, दणका बसणार, आणि आपण बघत नसताना स्क्रू हळूहळू फिरणार. ही कडी त्याला फिरू देत नाही. तीन डब्या, बारा पट्ट्या, बारा वॉशर. तीन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या त्यांनी त्यात घातल्या. डबा एका हाताने खायचे.

काम झाल्यावर त्यांनी फळी उलटी करून दोन्ही हातांनी गदागदा हलवली. काही हललं नाही. मग मला म्हणाले, तुम्ही इन्स्पेक्शनवाले, तपासा. मी खिशातून फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायची पातळ पाती, काढून पट्टीखाली घालायला बघितलं. पातळातलं पातळ पातंही आत जाईना. खरं सांगू? मी लाल खूण करायला जागा शोधत होतो. मिळाली नाही. इतकं निर्दोष काम समोर आलं की माझ्यासारख्याला आनंदाबरोबर थोडा रागही येतो — तुम्हाला येतो का, माहीत नाही.

त्यांनी एकच गोष्ट बजावली. डबी उघडायची वेळ आली तर मला हाक मारा. नाहीतर आधी वॉशर मोजा आणि मग उघडा.

पुढच्याच महिन्यात, एका रविवारी दुपारी, कँटीनच्या शेडमध्ये कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता. सुरू व्हायच्या आधी टूलरूमचे फोरमन स्टेजवर आले. टूलरूम म्हणजे आमच्या कंपनीतलं सगळ्यात मानाचं खातं. मशिनचे साचे तिथे बनतात, बारीकातलं बारीक काम तिथे चालतं. लतीफभाईंना तिथे जायची किती इच्छा होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ते कधी बोलायचे नाहीत, पण टूलरूमच्या दारावरून जाताना त्यांची चाल मंदावायची. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती. आता नाही तर कधीच नाही.

फोरमनसाहेबांनी माझी फळी उचलली, उलटसुलट केली, कोणी केलं म्हणून विचारलं. मी लतीफभाईंचं नाव सांगितलं. तेवढं मी केलं. लतीफभाई खुर्च्या लावत होते. साहेबांनी त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, एक जागा रिकामी होतेय, उद्या सकाळी टूलरूममध्ये येऊन भेटा. लतीफभाई खिशातून रुमाल काढून नुसतेच हात पुसत राहिले. हात तर स्वच्छच होते.

कार्यक्रम रंगला. दीड तासाने माझा सोलो आला, मी जोरात पाय मारला — आणि आवाज फाडणारी ती डबी एका स्क्रूवर गर्रकन फिरली. वायर उपटली गेली. एक मोठा धडाका झाला आणि गिटार मुकी. तीन स्क्रू सुटून फळीवर पडले होते. लोक हसले. लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. आमच्या गायकाने कसंतरी सावरून घेतलं.

गाणं संपल्यावर फोरमनसाहेब आले. लतीफभाईही धावत आले. त्यांनी तिन्ही स्क्रू तळहातावर घेतले, चौथ्याखाली नख घालून पाहिलं. एकाखालीही वॉशर नव्हता. साहेबांनी मला विचारलं, काय झालं?

आणि मी म्हणालो, “फिटिंग करतानाच वॉशर राहिलेत, साहेब.”

आता सकाळचं सांगतो. त्या रविवारी सकाळी, कासारवाडीच्या माझ्या खोलीत, त्या डबीचा सेल उतरला होता. तो बदलायला डबी उघडावी लागते. लतीफभाईंना हाक मारायची? चऱ्होलीहून? एवढ्याशा कामासाठी? मी भाजी चिरायच्या सुरीने डबी फळीवरून सोडवली, तिच्या तळाचे चारही स्क्रू काढले, नवा सेल घातला, सगळे स्क्रू परत पिळले. घाई होती. चारही वॉशर खिडकीच्या कट्ट्यावर राहिले. मी मोजले नव्हते — आणि मोजणं हाच माझा धंदा होता.

साहेबांनी विचारलं त्या क्षणी मला हे आठवत नव्हतं का? आठवत होतं. कट्ट्यावरचे वॉशर डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होते. विचार करायलाही वेळ लागला नाही. वाक्य आपोआप बाहेर आलं, कामावर रोज बोलायचो तसं, अगदी इन्स्पेक्शनच्या सुरात.

लतीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील की मी स्वतः बारा मोजून घातले होते. ते म्हणाले, “ऱ्हायलं आसंल, सायेब. माझ्याच हातनं ऱ्हायलं आसंल.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या हातांपेक्षा माझ्या शब्दावर जास्त ठेवला. इन्स्पेक्शनचा माणूस बोलतोय म्हणजे मोजूनमापून बोलत असणार, असं त्यांना वाटलं असणार.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण उद्या लतीफभाई डबी दुरुस्त करायला उघडतील आणि आतला नवा सेल बघतील, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून घरी आल्याआल्या मी नवा सेल काढून जुना परत आत घातला. हे काम मात्र मी सावकाश केलं. सोमवारी त्यांनी डबी उघडली, चार नवे वॉशर घातले, एकेक मोठ्याने मोजून. मग म्हणाले, सेल उतरलाय भाऊ, बदलून घ्या. मी म्हणालो, बरं.

टूलरूममध्ये त्या सकाळी ते गेलेच नाहीत. साहेबांनीही पुन्हा बोलावलं नाही. ती जागा दुसऱ्याला गेली.

त्यानंतर तीन वर्षं मी त्यांना काम करताना पाहत होतो. प्रत्येक जोडणीआधी ते वॉशर कागदावर मांडायचे, मोजायचे, परत मोजायचे. खात्यात नवा फिटर आला की त्याला स्वतःहून सांगायचे — माझ्या हातून एकदा चार वॉशर राहिले होते, भर कार्यक्रमात डबी सुटली, तेव्हा मोजत जा. लपवालपवी नाही, कुढणं नाही. मी दोन टेबलं पलीकडे डबा खात असायचो आणि मूग गिळून गप्प बसायचो.

ते रिटायर झाले तेव्हा त्याच कँटीनच्या शेडमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. हार घातला, दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. लतीफभाईंनी तीच गोष्ट सांगितली. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “ह्ये भाऊ त्या दिशी सायबासमोर खरं बोलले. माझी भीड धरली न्हाई. तवापासनं माझं एकबी काम परत आलं न्हाई.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

न केलेली चूक तो माणूस चारचौघांत, हसतमुखाने, आपली म्हणून सांगत होता. मला केलेली सांगता आली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर ते बरीच वर्षं चऱ्होलीला होते, तेव्हाही नाही. भोसरीहून सायकलवर तासाभराची वाट. आता ते नाहीत.

गिटार केव्हाच दुसऱ्याकडे गेली. फळी माळ्यावर आहे. परवा काढून उलटी केली आणि गदागदा हलवली. चेनच्या पट्ट्यांना थोडा गंज धरलाय, पण एकही डबी हलली नाही.

लतीफभाईंनी बारा वॉशर लावले होते. चार मी काढले, आणि नाव त्यांचं सांगितलं.