के-चौदाची शस्त्रक्रिया अजून सुरू आहे

विषय : सौ. मंदाकिनी यांच्या उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी नातेवाइकांना माहिती पुरवण्याच्या कामी झालेला घोळ.

संदर्भ : घरातले रोजचे टोमणे.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, घोळ माझाच होता. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे वाचताना तुम्हाला दोषी शोधत बसायला नको. चहा गार होऊ देऊ नका.

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. बाहेरून येतो तो कागद आवक, बाहेर जातो तो जावक. नोंद झाली तर कागद आला. नोंद नसेल, तर तो टेबलावर डोळ्यांसमोर पडलेला असला तरी आलेला नाही. हे तत्त्व मी साहेबांना, शिपायांना आणि एकदा एका आमदारांनाही ऐकवलं होतं. माणूस निवृत्त होतो, तत्त्व कुठे होतं?

तर, मंदाचा म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा गुडघा बदलायचं ठरलं. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहतो. रुग्णालय मीरा रोडला, नवंकोरं. आदल्या दिवशी भरती झालो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मला तिथली पद्धत समजावली.

"काका, एका पेशंटचा एकच नातेवाईक रजिस्टर होतो. मावशींचा नंबर के-चौदा. खाली हॉलमध्ये स्क्रीन आहे ना, त्यावर नंबरपुढे स्टेटस येतं. तयारी सुरू, शस्त्रक्रिया सुरू, रिकव्हरी, रूम. तोच मेसेज तुमच्या मोबाइलवर पण येणार. वॉर्डात फोन करायचं टेन्शन नाही, वर गर्दी नाही."

मला भरून आलं. आयुष्यभर ज्या व्यवस्थेचं स्वप्न पाहिलं, ती शेवटी हाडांच्या दवाखान्यात भेटली.

मी लगेच मोबाइलवर नातेवाइकांचा ग्रुप काढला. नाव, 'के-चौदा अधिकृत माहिती'. त्यात लिहायची सोय फक्त मला. बाकीच्यांनी वाचायचं आणि निश्चिंत राहायचं. आमची मुलगी बंगळुरूला असते, ती म्हणाली, "बाबा, निदान आम्हाला विचारता तरी येऊ दे." मी म्हटलं, विचारायची वेळच येणार नाही.

मंदाचा धाकटा भाऊ दामू जवळच्याच मुर्धे गावात असतो. खाडीत होडी घालणारा माणूस. वाऱ्यावर बोलायची सवय, त्यामुळे फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

"भावोजी, मी पण येतो उद्या."

"गरज नाही. अधिकृत नातेवाईक एकच असतो."

"अवो, मी तिचा सख्खा भाऊ हाय."

"ते नातं झालं. मी पद सांगतोय."

दामूने वाद न घालता फोन ठेवला. दामू वाद घालत नाही ही आमच्याकडे नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाला आत न्यायची वेळ झाली. तिने चष्मा काढला, मग पाठ फिरवून कवळी काढली, डबीत घातली आणि डबी माझ्या हातात दिली. तोंडावर हात धरून म्हणाली, "बाहेर आले की आधी ही द्यायची. हिच्याशिवाय मी कोणासमोर तोंड उघडणार नाही. चहासुद्धा घेणार नाही."

"स्टेटस 'रूम' झालं की लगेच घेऊन येतो."

"स्टेटस कशाला? मी बोलावलं की या."

"बोलावणार कशी? तुझा मोबाइल माझ्याकडे आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते चष्म्याशिवाय तिलाही नीट दिसलं नसेल. मग तिला घेऊन गेले, आणि मी डबी खिशात घालून हॉलमध्ये स्क्रीनसमोरची खुर्ची धरली.

'के-चौदा : शस्त्रक्रिया सुरू.' मी ग्रुपवर पहिलं पत्रक काढलं. 'के-चौदा यांच्यावरील शस्त्रक्रियेस प्रारंभ झाला आहे. पुढील माहिती यथावकाश कळवण्यात येईल. अफवांवर विश्वास ठेवू नये.'

शेजारी एक गुजराती गृहस्थ होते, त्यांची आई के-पंधरा. ती आमच्यानंतर आत गेली. बघता बघता के-पंधरा रिकव्हरीत गेली, मग रूममध्ये. के-चौदा आपली तिथेच. शस्त्रक्रिया सुरू.

"अरे अंकल, हमारा तो हो गया. आपका अभी भी चालू है?"

"हां."

जाताना ते डब्यातले उरलेले ठेपले माझ्या मांडीवर ठेवून गेले. दुखवट्याला आल्यासारखे.

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. गुडघा तो काय, आणि इतका वेळ? खिशातली डबी मी दर दोन मिनिटांनी चाचपत होतो. संसारात इतकी वर्षं जी बाई आवाजाने घर भरते, तिचे दात आपल्या खिशात मुकाट पडलेत, ही भावना चांगली नसते. तरी पत्रक काढलंच. 'शस्त्रक्रिया लांबली आहे. कारण समजलेले नाही. धीर धरावा.'

हे वाचून लोक धीर धरतील असं मला वाटलं. फोनवर फोन सुरू झाले. मुलीचा, दामूचा, पुन्हा मुलीचा. मी सगळे कापले. अधिकृत मेसेज येईल तेव्हा लाइन मोकळी नको?

तेवढ्यात हिरव्या कपड्यांतला, टोपी घातलेला एक तरुण बाहेर आला.

"मंदाकिनीबाईंचे नातेवाईक?"

"मी."

"छान झालं ऑपरेशन. काळजी करू नका. थोड्या वेळाने रूममध्ये नेतील."

मी स्क्रीनकडे पाहिलं. "अहो, पण के-चौदाची सुरू आहे."

"काय सुरू आहे?"

"शस्त्रक्रिया."

"काका, शस्त्रक्रिया मीच केली."

"मग आत्ता आत कोण करतंय?"

त्याने टोपी काढली. मी समजुतीच्या स्वरात विचारलं, "तुमच्या पेशंटचा नंबर काय?"

"नंबर मला कसा माहीत असेल? उजवा गुडघा होता."

आता तुम्हीच सांगा. आमच्या पिढीत मंदाकिन्या गल्लीला दोन होत्या, आणि त्यांच्यातली उजव्या गुडघ्याने धड असलेली एक दाखवा. नंबर माहीत नसलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा आणि स्क्रीनवर नाही? कचेरीत एका नावाच्या दोन फायलींनी काय उत्पात होतात ते मी पाहिलंय. मी त्याचे आभार मानले. तो मान हलवत आत गेला.

उलट मला त्या दुसऱ्या मंदाकिनीच्या नवऱ्याची दया आली. बिचाऱ्याची चांगली बातमी चुकून मला मिळालेली. मी हॉलभर हिंडलो. एका कोपऱ्यात माझ्याच वयाचे एक गृहस्थ चिंतेत बसले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बधाई हो. आपकी मिसेस का ऑपरेशन अच्छा हो गया."

ते म्हणाले, "मैं एक्सरे निकालने आया हूं. मेरी शादी नहीं हुई."

मी खुर्चीवर परत येऊन बसलो. थोड्या वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. रुग्णालयाचा असला तर म्हणून उचलला. पलीकडून एक बाई, सगळे शब्द हिरड्यांवरून घसरत असल्यासारख्या आवाजात म्हणाली, "अवो, मी बोलते. वर आले मी. या लवकर, डबी घेऊन."

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मागच्याच महिन्यात फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. अनोळखी नंबर, घाबरवणारी बातमी, घाई. तिन्ही लक्षणं हजर. मी सावध झालो.

"आपण कोण बोलताय?"

"कोण म्हंजे? मंदा. सिस्टरचा फोन हाय हा."

आमच्या घरात 'हाय' कोणी म्हणत नाही. मंदा मुर्ध्याची खरी, पण लग्नानंतर भाईंदरात तिने 'आहे' धरलं ते धरलं. माझा संशय पक्का झाला.

"आपण मंदा असाल तर आपल्या लग्नाची तारीख सांगा."

"ती तुम्हाला तरी कधी आठवते?"

हे उत्तर ऐकून कुठलाही शहाणा नवरा डबी घेऊन पळत सुटला असता. मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि तिसरं पत्रक काढलं. 'के-चौदा यांच्या नावाने बोगस फोन येत आहेत. प्रतिसाद देऊ नये. शस्त्रक्रिया अद्याप सुरू आहे.'

अशी तीन पत्रकं वाचल्यावर मुर्ध्यात काय झालं असेल? दामू टेम्पो घेऊन आला. मागे त्याची बायको, चुलते, आळीतली माणसं. एका काकूंनी तर रडायची तयारी करूनच पदर कमरेला खोचलेला. दामूने मला हॉलमध्ये पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "भावोजी, बाय कुठं हाय?"

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

दामूने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. थेट जिन्याने वर गेला. वॉचमन "अरे भाई, पास?" म्हणत मागे. मी ओरडून म्हटलं, "दामू, अधिकृत नातेवाईक मी आहे." हॉलमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दामू गेला तसा परत आला. आता चेहरा वेगळा होता.

"भावोजी, बाय वर खाटेवर बसलीय. समोर चहा निवत ठेवलाय, तोंडावर चादर धरलीय आन् चादरीतून तुम्हाला शिव्या देतेय."

"नक्की तीच?"

"भावोजी, शिव्या माझ्या आईच्या हायेत. बाहेरच्या माणसाला येनार न्हायत."

यापुढे मला मान्य करणं भाग होतं. ती बरी आहे, चहा आहे, शिव्या आहेत. आता मी धावत वर गेलो असेन असं तुम्हाला वाटेल.

मी आधी काउंटरवर गेलो.

"के-चौदा वर खोलीत आहे आणि स्क्रीनवर शस्त्रक्रिया सुरू आहे. दुरुस्ती करा."

मुलीने बटणं दाबली. "सॉरी काका, आत सिस्टरची ड्युटी बदलली ना, अपडेट करायचं राहून गेलं. मावशी कधीच्या रूममध्ये आल्यात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "नाही."

मागे दामू उभा होता. त्याने माझं कोपर धरून मला जिन्याकडे वळवलं, पण मी हललो नाही.

स्क्रीनवर 'के-चौदा : रूम' झळकलं, खिशात मोबाइल वाजला, आणि मगच मी जिना चढलो. मंदाने चादरीतून हात बाहेर काढला. मी डबी दिली. चादरीच्या आत थोडी हालचाल झाली. मग चादर खाली आली, तिने गार चहाचा एक घोट घेतला आणि स्वच्छ, दंतयुक्त मराठीत विचारलं,

"बघून या जरा खाली. मी जागी आहे का झोपलेय?"

टेम्पोतली सगळी माणसं खोलीत होती. सगळी हसली. रडायला आलेल्या काकू सगळ्यात जास्त.

गुडघा उत्तम आहे. ती आता भाजी मार्केटला माझ्या पुढे चालते.

डाव्या गुडघ्याचंही ठरलं आहे. नावनोंदणीला गेलो तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "मावशी, नातेवाईक कोण लिहू?" मंदाने शेजारी बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दामोदर. भाऊ." ग्रुपही दामूकडे गेला आहे. त्यात आता सगळ्यांना लिहिता येतं. मला फक्त वाचता येतं.

सबब मी रीतसर अर्ज केला. 'उपरोक्त प्रकरणी फेरविचार होऊन अर्जदारास अधिकृत नातेवाईक या पदावर पुन्हा रुजू करून घ्यावे, ही विनंती.' मंदा भाजी निवडत होती. तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला.

"यावर आवक नोंद कुठाय?"

"घरात कसली आलीय आवक नोंद?"

"मग आलेलाच नाही," ती म्हणाली आणि मेथीची जुडी उचलली.

अर्ज ओट्यावर मसाल्याच्या डब्याखाली आहे. रोज दिसतो. त्यावर हळदीचा एक गोल डाग पडला आहे. तो आवकचा शिक्का समजण्यात यावा असं मी तोंडी सुचवून पाहिलं. त्यावर "बघते" असं उत्तर मिळालं.

अर्ज प्रलंबित आहे.